लगबगची परीक्षा आणि माझी सत्तावीस दुखणी

माझ्या भाचीला मी लगबग म्हणते. जन्मली तीच तीन आठवडे आधी, आणि तेव्हापासून बाई थांबलेली नाही. चहा उकळायच्या आत कप मांडून मोकळी, दार वाजायच्या आत उघडायला हजर. अशा मुलीनं नर्स नाही व्हायचं तर काय, माझ्यासारखं बसून लोकांची उणीदुणी काढायची? त्याला वेगळी हुशारी लागते, ती तिच्याकडे नाही.

शिक्षण झालं, शिकाऊ म्हणून वॉर्डात कामही झालं, आणि परवान्याच्या परीक्षेत बाईसाहेब नापास. चार गुणांनी! चाळीसनं गेली असती तर मी गप्प बसले असते, पण चार म्हणजे जिवाला चटका. घरी येऊन तिनं पांढरे बूट पलंगाखाली सरकवले आणि दोन दिवस माझ्याशी भांडलीसुद्धा नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

हॉस्पिटलनं तिला काढलं नाही, मदतनीस म्हणून ठेवलं. चादरी बदलायच्या, बेडपॅन धुवायचे, सुईला हात लावायचा नाही. परीक्षा आणखी एकदाच देता येणार होती.

"आणि तीही गेली तर?" मी विचारलं.

"तर पहिल्या वर्षापासून सगळं परत, आत्या. आणि वॉर्डातली जागा दुसरीला."

मग अभ्यास सुरू. तिचा बाप, म्हणजे माझा दादा, शिंपी आहे. बाहेरच्या खोलीत त्याचं मशीन, आतल्या खोलीत हिच्या औषधांच्या चिठ्ठ्या भिंतभर. चिठ्ठ्या उडत उडत बाहेर जायच्या. एक जाऊन चिकटली गिऱ्हाइकाच्या पँटच्या मापाला. दादा चष्मा लावून गंभीरपणे वाचतोय, "कंबर छत्तीस, दर सहा तासांनी, जेवणानंतर." मी हसून हसून उशीत तोंड खुपसलं.

पण मला कळेना. औषधं तोंडपाठ, रोग तोंडपाठ, मग मुलगी नापास कशी? शेवटी एका रविवारी दुपारी मी पदर खोचला आणि पलंगावर आडवी झाले.

"चल, मी पेशंट. आई गं! छातीत कसंतरी होतंय!"

लगबग वळली आणि खोलीबाहेर पळाली. बाहेरून आवाज आला, "बाबा, तुम्ही डॉक्टर व्हा! लवकर या!"

दादा कात्री घेऊन आला. असला डॉक्टर बघून मी तशीच बरी झाले. मग चक्कर आणली, ही पुन्हा पळाली. हात सुजवला, तरी पळाली. चौथ्या वेळी दादा करवादला, "मी डॉक्टर होऊ की कॉलर लावू?"

मी उठून बसले. "अगं लगबगे, तू परत येईपर्यंत मी मरून गारसुद्धा झाले! माझ्याकडे एकदा बघशील की नाही?"

"पण आधी कळवायचं असतं ना."

"कोण म्हणतं?"

"मोठ्या सिस्टर. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काहीही झालं तरी आधी मला येऊन सांग, स्वतःचं डोकं चालवू नकोस."

शिकाऊ पोरींसाठी ते ठीकच होतं, त्या सिस्टरना मी नावं ठेवत नाही. पण मी विचारलं, "आणि पेपरात काय विचारतात?"

"नर्स सगळ्यात आधी काय करेल. चार उत्तरं असतात."

"तू काय निवडलंस?"

ती नखं कुरतडायला लागली. "डॉक्टरांना कळवेन."

"किती ठिकाणी?"

"जिथं जिथं ते होतं तिथं."

बाहेरून मशीन थांबल्याचा आवाज आला. "म्हणजे मापं न घेताच कापड कापलंस," दादा म्हणाला. हा माणूस वर्षातून एकदा बोलतो, पण बोलतो.

पुढचा दीड महिना मी आजारी होते. नियम एकच: आधी माझ्याकडे बघायचं, विचारायचं, हात लावायचा आणि मगच दाराबाहेर पाय. सत्तावीस दुखणी काढली मी. एकदा तापात कण्हत होते, तर मनगट धरून म्हणते कशी, "तुझी नाडी खरं बोलते आत्या, तूच बोलत नाहीस."

परीक्षेहून आली ती वेगळीच. "यावेळी पेपरावरून सगळ्यात शेवटी उठले," एवढंच म्हणाली. लगबग आणि शेवटी! मला रडूच यायचं बाकी होतं, पण मी तिला चिडवलं.

निकालाच्या सकाळी आम्ही तिघं कापडं कापायच्या टेबलाभोवती. फोनवर ते चक्र नुसतं गरगर फिरतंय. काळजीनं मी अख्खं बिस्कीट तोंडात कोंबलं आणि ते अडकलं ना घशात! खोकून खोकून डोळ्यांतून धारा. दादानं पाठीत घालायला हात उगारला, आणि नेमकं तेव्हाच ते पान उघडलं.

लगबगनं फोन पालथा घातला. न बघता.

"बाबा, थांबा, मारू नका. आत्या, माझ्याकडे बघ. खोकता येतंय ना? मग खोक. जोरात. अजून."

माझ्या पाठीवर हात, माझ्या तोंडावर नजर, आणि कुठं पळणं नाही. ही मुलगी इतका वेळ एका जागी उभी राहिलेली मी जन्मात पाहिली नव्हती. तुकडा निघाला. तिनं पाणी दिलं, घोट घोट पाजलं. "आता बोल काहीतरी."

"फोन बघ ना, कार्टे!"

तिनं फोन पालथाच बापाकडे सरकवला, तो दादानं उचलला. पँटचं माप वाचावं तसं हळूहळू वाचलं, "उत्तीर्ण."

"दर सहा तासांनी का जेवणानंतर?" मी विचारलं, आणि तिघंही हसता हसता रडलो.

सोमवारी पलंगाखालून पांढरे बूट निघाले. घरात सगळे म्हणतात, बिस्कीट मी मुद्दाम अडकवलं. नाही हो, शपथेवर सांगते! आता तर माझा गुडघा खरोखर दुखतोय, पण आधी सत्तावीस झालीत ना, अठ्ठाविसाव्यावर या घरात विश्वास ठेवतो कोण?