ट्रक नसलेल्या कंपनीचा शेअर

चार माणसं शेअर घ्यायला एकत्र बसली की शेअर घेतले जातातच असं नाही, पण किस्से मात्र आपोआप जमा होतात. आमची बैठक दर रविवारी सकाळी कोथरूडला, परांजप्यांच्या गॅलरीत. परांजपे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची पुतणी नेहा आयटीत. मी शाळेत भूगोल शिकवणारा, म्हणजे बाजाराच्या दृष्टीने बिनकामाचा. आणि चौथे वानखेडे, सरकारी ऑडिटमधून नुकतेच निवृत्त झालेले, विश्रांतवाडीहून स्कूटरवर यायचे. "जय भीम, परांजपे!" असं ते जिन्यातूनच म्हणायचे. आतून उत्तर यायचं, "जय भीम. चहा निवतोय!"

त्या वर्षी आमच्या डोक्यात एकच कंपनी होती. पुण्यातलीच, मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर बनवणारी. वानखेड्यांना निवृत्तीचे निम्मे पैसे दहा वर्षांसाठी तिच्यात घालायचे होते. "आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले हो," ते म्हणायचे. "शहरात एवढं नवीन काही घडतंय, त्यात आपलाही एक तुकडा असावा." हे ऐकून मला त्यांचं कौतुक वाटायचं, आणि धास्तीही वाटायची.

*

पैसे मात्र वहिनींच्या संमतीशिवाय हलणार नव्हते. सुशीलावहिनी मूळच्या नागपूरकडच्या. त्यांची अट एकच होती. "कंपनी काय करते ते मला एका वाक्यात सांगा, मग लावा पैसे."

वानखेड्यांनी त्याच संध्याकाळी प्रयत्न केला. "मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर करते."

"ट्रक किती आहेत त्यांच्याकडे?"

"एकही नाही."

"गोदाम?"

"तेही नाही."

"आणि माल?"

"तो गिऱ्हाइकांचा."

"म्हणजे ट्रक दुसऱ्याचे, माल दुसऱ्याचा, आणि पैसे तेवढे आपले लावून राहिले तुम्ही!"

पुढच्या रविवारी वानखेडे नापास झाल्याच्या चेहऱ्याने आले. मग आम्ही सगळेच कामाला लागलो.

*

परांजप्यांचं मत असं, की कंपनी कागदावर कळत नाही, जाऊन बघावी लागते. ते इस्त्रीचा शर्ट घालून थेट कंपनीच्या गेटवर गेले. वॉचमनने विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"कुणालाच नाही. कंपनी बघायचीय. घ्यायचा विचार आहे."

वॉचमनने घाईघाईने वर फोन लावला. पाच मिनिटांत टाय लावलेला एक अधिकारी पळत खाली आला. परांजप्यांना एसी केबिनमध्ये बसवलं, कॉफी आली, काजूची बिस्किटं आली. अधिकाऱ्याने हळूच विचारलं, "सर, साधारण किती टक्के घ्यायचा विचार आहे?"

"टक्के नाही हो," परांजपे बिस्किट संपवत म्हणाले. "पन्नास शेअर. तेही भाव उतरला तर!"

आम्ही विचारलं, मग कंपनी कशी आहे? "बिस्किटं ताजी होती," म्हणाले. त्यापलीकडे अहवाल नाही.

*

मी कंपनीचं गिऱ्हाईक गाठायचं ठरवलं. बिबवेवाडीत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हे सॉफ्टवेअर होतं. कॉम्प्युटरला हार घातलेला होता. मी विचारलं, "सॉफ्टवेअर कसं आहे?"

"एकदम बेस्ट! त्यांचा सर्व्हिसचा मुलगा तर हिरा आहे. फोन केला की हजर. परवा आमच्या पोरीच्या लग्नात पंक्तीत वाढायला होता!"

"एवढी ओळख कशी झाली?"

"अहो, रोजच येतो की!"

मी हिरमुसून परतलो. सॉफ्टवेअर रोज बंद पडतं, हे वानखेड्यांना सांगायचं कसं? पण नेहाचे डोळे चमकले. "रोज येतो? म्हणजे मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट असणार! काका, हे तर दरवर्षीचं पक्कं उत्पन्न. फार चांगलं लक्षण आहे!"

वानखेडे एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, ऑडिटमध्ये असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नसावा.

*

नेहाचं काम लॅपटॉपवर. तिने पुढच्या दहा वर्षांचा तक्ता मांडला. विक्री, नफा, भाव, सगळं चढत चाललेलं. "शेअर महाग दिसतो," ती म्हणाली, "कारण बाजार पुढच्या कित्येक वर्षांचा नफा आजच धरून चाललाय."

परांजपे चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे आमच्या नातवंडांचा नफा आम्हीच आगाऊ देऊन टाकायचा. आणि काय गं, दहा वर्षांनी मी कुठे असेन, तो कॉलम दिसत नाही ह्यात!"

नेहा हसली आणि लॅपटॉप मिटून चहा टाकायला आत गेली.

*

शेवटी ठरलं, कंपनीच्या वार्षिक सभेला जाऊन तिथल्या मुख्य साहेबांनाच विचारायचं. सभेत शिरायला शेअर लागतो, म्हणून आम्ही प्रत्येकी एकेक घेतला. वानखेड्यांनी आणखी एक वहिनींच्या नावावर घेतला. पत्ता बरोबर दिला असूनही वहिनींचा वार्षिक अहवाल आधी भलत्याच विश्रांतवाडीकराकडे गेला आणि सभेच्या आदल्या दिवशी फाटक्या पाकिटात घरी पोचला.

"ह्यांचं सॉफ्टवेअर," परांजपे म्हणाले, "ह्यांनी स्वतः घेतलेलं दिसत नाही!"

*

सभा एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. वहिनी पहिल्या रांगेत एका वयस्कर बाईंशेजारी जाऊन बसल्या, आम्ही त्यांच्या बरोबर मागे. प्रश्नांची वेळ झाली तशा वहिनी उठल्या आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"मी सुशीला वानखेडे. माझा एक शेअर आहे. माझ्या मिस्टरांना पुष्कळ घ्यायचे आहेत. तुमची कंपनी काय करते, ते एका वाक्यात सांगा न."

हॉल हसला. वानखेडे हसले नाहीत. त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

साहेब तरुण होते, सभ्य होते. "फार छान प्रश्न!" म्हणाले आणि सुरू झाले. पडद्यावर बाण आले, गोल आले, 'व्हिजिबिलिटी' आलं, 'ऑप्टिमायझेशन' आलं. वाक्य काही संपेना. वहिनींनी उभ्या उभ्या सगळं नीट ऐकून घेतलं, आभार मानले आणि बसल्या. मग शेजारच्या बाईंकडे झुकून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही समजलं का हो?"

"अजिबात नाही," त्या बाई म्हणाल्या. "पण तो माझा मुलगा आहे, मला शेअर ठेवावेच लागतात. तुम्हाला कसली सक्ती?"