मामांची हाँगकाँगी

"तेल घाल रं, तेल घाल!"

कबड्डीच्या मैदानावर कोणी असं ओरडलं, तर खेळाडूचे सांधे करकरतायत असं तुम्हाला वाटेल. भिवपुरीला आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनचे आचारी असलेले मामा दर सामन्याला हेच ओरडत. तरुणपणी ते बोटीवर स्वयंपाकी होते आणि बोट दुरुस्तीला लागल्यामुळे बरेच महिने हाँगकाँगला राहिले होते. "तिकडं 'गा याव' म्हंतात. म्हंजे तेल घाल. पन अर्थ काय? जोर लाव!"

एकदा सकाळीच त्यांनी जाहीर केलं, "स्टोअरच्या कारकुनाचा माकूल तळला!" दुपारी निम्मी शिफ्ट ताटं घेऊन तळलेला माकूल मासा मागायला हजर. हाँगकाँगला नोकरी गेली की 'माकूल तळला' म्हणतात; कारकुनाची नोकरी गेली, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

लोक म्हणत, मामा थापाडे, पनवेलच्या पुढे गेलेलेच नाहीत. मामा ते हसण्यावारी नेत. पण खालापूरच्या कचेरीत लागलेला त्यांचा मुलगा एकदा चारचौघांत म्हणाला, "बाबा, पुरे आता. लोक मला हसतात." ते मात्र मामांना लागलं.

"चल मुंबईला. खरंखोटं तूच बग."

साक्षीदार म्हणून मी. माझगावातल्या एका चिनी हॉटेलात मामांनी गल्ल्यावरच्या बाईंना झोकात हाँगकाँगी ऐकवली. बाई म्हणाल्या, "क्या मंगता, सेठ? हिंदी में बोलो ना." मुलाने मान खाली घातली. मला हसू आवरेना.

तेवढ्यात बाईंचा म्हातारा सासरा किटली घेऊन आला. त्याने कपात चहा ओतला, आणि मामांनी टेबलावर दोन बोटं टकटक वाजवली. तिकडे चहा ओतणाऱ्याचे आभार असे मानतात. म्हाताऱ्याने किटली ठेवली, खुर्ची ओढली आणि जो बोलत सुटला, तो थांबेचना.

परतताना मुलाने विचारलं, "काय म्हनत होते?"

"पोरगा वारला त्याचा. तवापासनं त्याची बोली घरात कुनाला येत नाय. सुनेलापन नाय."

"मग तुमी काय बोललात?"

"मी कुटं बोललो? मला तेवडी येती का? मी नुसतं हां हां केलं."

मुलगा पोट धरून हसला. मग बापाच्या हातातली पिशवी त्याने स्वतःकडे घेतली.

त्यानंतर मामा दर महिन्याला तिकडे हां हां करायला जात.

मामा वारले, तेव्हा सांगायला मीच गेलो. सुनेने ऐकून हात जोडले, पण सासऱ्याला त्याच्या बोलीत कसं सांगावं ते तिला कळेना. मी डोळे मिटले, मान कलती केली. म्हातारा हसला. मामा झोपलेत, असं त्याला वाटलं असावं. आत जाऊन त्याने मामांसाठी गरम पावांची पुडी बांधून आणली.

मी ती घेतली.