सुतारकाका पुन्हा कामाला लागले

सुतारकाका पंचाहत्तराव्या वर्षी वृद्धाश्रमात आले ते गाल फुगवूनच. लेकीने सगळं सामान बांधून दिलं होतं, फक्त करवत आणि रंधा स्वतःकडे ठेवून घेतला होता. "बाबा, आता आराम करा," म्हणाली. काका आराम करायचे, म्हणजे दिवसभर खिडकीशी बसून तिथल्या दारं-खिडक्यांच्या सुतारकामाला नावं ठेवायचे.

शेजारच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सगळे 'बाई'च म्हणत. एका सकाळी न्हाणीघरात बाईंचा तोल गेला आणि त्यांनी भिंतीवरचा गरम पाण्याचा पाइप घट्ट धरला. म्हातारपणी कातडी पातळ होते, चटकाही उशिरा कळतो. बाईंना कळेपर्यंत तळहात लालबुंद झाला होता. नर्सने वीस मिनिटं थंड पाण्याच्या नळाखाली हात धरायला लावला. एक फोड आला, पण थोडक्यात निभावलं.

मॅनेजर मॅडमनी लगेच पाटी लावली, 'पाइप गरम आहे. हात लावू नये.'

"आम्ही चष्मा काढून आंघोळ करतो," काका म्हणाले. "पाटी वाचणार कोण? आणि पडणारा माणूस हाताला लागेल ते धरणारच. त्याला धरायला दुसरं काहीतरी द्या की!"

"मग तुम्हीच सांगा, काय करू?"

काकांनी त्याच दुपारी लेकीला फोन लावला. "माझी हत्यारं घेऊन ये."

"बाबा, या वयात?"

"या वयाच्या लोकांसाठीच करतोय!"

लेक दोन दिवसांची रजा टाकून आली. काकांनी मापं घेतली, तिने कापलं, आणि दोघं मनसोक्त भांडले. पाइपावर लाकडी पट्ट्यांचं झाकण बसलं. फटीतून ऊब बाहेर पडेल, पण बोट आत जाणार नाही, असं. प्लंबरला उघडता यावं म्हणून दोन खिट्ट्या ठेवल्या. बाजूच्या भिंतीवर, बाईंचा हात सहज पोचेल अशी, भक्कम दांडी ठोकली.

बाईंनी दांडी धरून पाहिली, झाकणावर तळहात टेकवून पाहिला.

"दहापैकी नऊ."

"एक कुठे कापला?"

"गृहपाठ उशिरा दिलात म्हणून!"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

महिन्याभरात उरलेली अकरा न्हाणीघरंही झाली. आता कुणाची खुर्ची डुगडुगते, कुणाचं कपाट लागत नाही. काकांच्या दाराशी सकाळपासून रांग असते. "मरायलाही फुरसत नाही," अशी तक्रार ते येईल त्याच्याकडे करतात, मोठ्या खुशीत.