तीनदा उसवलेली कंबर

एखाद्या बाईला तिच्या लग्नाच्या दिवशीच कायमचं थांबवून ठेवायचा हक्क कोणाला असतो?

२००५ चा फेब्रुवारी. अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या एका छोट्या म्युझियमच्या तळघरात, टेबलावर तपकिरी रेशमी ड्रेस पसरलेला होता. माझी बॉस कॅरन मला तो कंबरेत आत घ्यायला सांगत होती. मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी; आठवड्याचे वीस तास इथे जुन्या कपड्यांची देखभाल करायचे. कार्डावर लिहिलं होतं : वेडिंग ड्रेस, मिसेस चार्ल्स. म्हणजे नाव नवऱ्याचंच. एकोणिसाव्या शतकात साध्या घरातल्या अमेरिकन मुली अनेकदा रंगीत रेशमात लग्न करत, म्हणजे तो ड्रेस पुढेही वापरता येई. पण कॅरनला प्रदर्शनासाठी नवरी हवी होती, आणि तिचा पुतळा बारीक कंबरेचा होता.

मी नकार दिला. त्या काळी रेशीम वजनावर विकत. धुतल्यावर त्याचा नैसर्गिक डिंक जाऊन वजन घटे, म्हणून व्यापारी त्यात धातूंचे क्षार भरत. शंभर वर्षांत ते क्षार कापड आतून खातात. अशा रेशमाला नवी सुई लावली की नवी चीर पडते.

कॅरन म्हणाली, दोन-चार टाके तर घालायचेत, काचेतून कोणाला दिसणार?

मंगळवारी सुलभाकाकू व्हॉलंटिअर म्हणून यायच्या. मूळच्या साताऱ्याच्या, आयुष्यभर ब्लाउज शिवलेले. मी त्यांच्यापुढे ड्रेस आतून उलगडला. बाजूच्या शिवणीलगत सुईच्या जुन्या, रिकाम्या भोकांच्या तीन ओळी होत्या.

“अगं, आपण ब्लाउजला आत माया सोडतो ना, जादा कापड? तशी हिने सोडली होती,” काकू म्हणाल्या. “तीनदा उसवलंय. आणि हे बघ, हुकांच्या आत वेगळी पट्टी. पाजायची सोय. यांना मात्र अजून हिला बोहल्यावरच उभी करायचीय.”

मी कॅरनला भिंग दिलं. म्हटलं, “पहिली ओळ म्हणजे एक दिवस आहे. त्यानंतरचं सगळं म्हणजे तिचं आयुष्य. ते मी शिवून बंद करणार नाही. हवं तर माझे तास कमी कर.”

ते तास गेले असते तर माझं घरभाडं अडलं असतं. कॅरनने वाकून भिंगातून तिन्ही ओळी पाहिल्या. मग म्हणाली, “ओके. पुतळा जाड करा.”

दोन दिवस आम्ही पुतळ्याला कापसासारखं पॉलिस्टरचं भरण गुंडाळत होतो, तिने शेवटी घातलेल्या शिवणीच्या मापापर्यंत. ड्रेसला एकही टाका घातला नाही.

राहिलं लेबल. त्यावर मला तिचं स्वतःचं नाव हवं होतं. म्युझियमला ड्रेस देणाऱ्या तिच्या नातीला मी फोन केला. वय ऐंशीच्या पुढे. आजी हाच ड्रेस घालून चर्चला जायची, केक छान करायची, सगळं भरभरून सांगितलं. मग मी नाव विचारलं.

“आम्ही तिला ग्रँडमाच म्हणायचो, हनी. थडग्यावरही ‘वाइफ ऑफ चार्ल्स’ एवढंच आहे.”

लेबलवर ‘मिसेस चार्ल्स’च छापलं गेलं. मी काकूंसमोर संतापले : सख्ख्या नातीला आजीचं नाव माहीत नसावं? काकू शांतपणे हातमोजे काढत होत्या.

“तुझ्या पणजीचं माहेरचं नाव काय गं?”

मला माहीत नव्हतं. आमच्याकडे तर लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलून टाकत.

कापड टिकवायला केमिस्ट्री लागते. नाव टिकवायला कोणीतरी वेळेवर विचारावं लागतं, आणि ते काम कुठल्याही म्युझियमला उशिरा करता येत नाही.

म्हणून एक करा. घरात जुना शालू किंवा पैठणी असेल, तर ती बोहारणीला देण्याआधी, कोणाला ड्रेस शिवायला देण्याआधी, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. सुती पट्टीवर पेन्सिलने (शाईने नको, ती रेशमात उतरते) नेसणारीचं नाव लिहा. लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही. पट्टी घडीत ठेवा. सांगणारं माणूस आहे तोवर, आजच.