बुडवलेलं निर्मळ

माझं सामान टेम्पोत चढत होतं, तेव्हा बाबा केळींना पाणी सोडत होते आणि मुद्दाम माझ्याकडे पाहत नव्हते. पेपरातली बातमीदारी सोडून मी पुण्याला निघाले होते, विज्ञान कादंबऱ्या लिहायला. टेम्पो सुरू झाला तसे ते एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं खरं लिहिलंस. आता खोटं लिहून पोट भरणार?"

माझ्या गावच्या निर्मळकरांनो, तेव्हा वाटलं, बाबांना कळत नाही. नंतर वाटायला लागलं, तुम्हां कोणालाच कळत नाही. फ्लॅटमध्ये बसून मी मंगळावर वसाहत उभी करत असते आणि तुमचा फोन येतो, आमच्या रस्त्यावरचे दिवे गेलेत, जरा छापून आण. तुळिंजची मावशी तर व्हॉट्सॲपवर तुंबलेल्या गटाराचे फोटो पाठवते.

"मावशी, मी आता पेपरात नाही गं!"

"मग कुठे असतेस?"

"घरीच. लिहिते."

"म्हणजे रिकामीच आहेस की."

आणि इकडे प्रकाशक म्हणतात, तुमची वाक्यं बातमीसारखी वाटतात, थोडी कल्पना लढवा. दोन्हीकडून बोलणी!

मग तिसरी कादंबरी आली. तिच्यात शंभर वर्षांनंतरचं निर्मळ होतं. विहिरी खारट झालेल्या, वाड्या ओसाड, माणसं निघून गेलेली. गावाचं नाव मी बदललं नाही, हट्टानंच. झालं! गिरीजच्या आत्यानं फोनवर सुनावलं, "गाव बुडवलंस तू. आता निर्मळला मुली कोण देईल?"

गावच्या वाचनालयानं कार्यक्रम ठेवला म्हणून मी आले. वाटलं, निदान पुस्तकावर बोलतील. पहिला प्रश्न आला, हे नक्की कुठल्या साली होणार? दुसरा, तुम्हाला ही माहिती कुठल्या बिल्डरनं पुरवली?

"अहो, ही कादंबरी आहे!" मी जवळजवळ ओरडलेच. "सगळं माझ्या मनातलं आहे!"

"मनातलं म्हणजे खोटंच ना?" पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले. "मग गावाची माफी मागा."

बऱ्याच माना हलल्या. तेवढ्यात मागून बाबा उठले.

"माफी कसली? माझ्या विहिरीचं पाणी प्यायला चला. दोन उन्हाळे झाले, खारं लागतंय. केळीची पानं कडेनं करपतात. तुमच्यातल्या कुणाची विहीर अजून गोड आहे, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

घरी चालत येताना मी बाबांवर चिडले. "मला का नाही सांगितलंत?"

"छापून आलं असतं तर केळी घ्यायला वाडीकडे कुणी फिरकलं नसतं," ते म्हणाले. मग वाडीचं फाटक लोटत, "आणि तू सगळं सोडून धावत आली असतीस."

दर खेपेला आई माझ्यासमोर विकतच्या जारचं पाणी ठेवायची. मला वाटायचं, पुण्याची पाहुणी म्हणून लाड चाललेत. त्या दिवशी मी विहिरीवर गेले, बादली ओढली, ओंजळभर प्यायले. जिभेवर मीठ राहिलं. बाबा बाजूला उभे होते, मी काय म्हणते याची वाट बघत. मी आणखी एक ओंजळ प्यायले.

आमचं घर म्हणजे आता ती जागा आहे, जिथली वाईट बातमी मला सगळ्यांत शेवटी कळते. याचा राग अजून गेलेला नाही. आई-बाबा, दिवाळीला येतेय. माझ्यासाठी जार मागवू नका.