संध्याकाळसाठी राखलेले क्लोजअप

केबल नुकतीच घरोघरी आली होती आणि चार ओळी गाता येणारा प्रत्येकजण स्वतःला टीव्हीवर बघू लागला होता. आमच्या वर्गातला एक मित्र त्यांतलाच. फरक इतकाच, की त्याला खरंच गाता येत होतं. वडील रिफायनरीत, घर सुभानपुऱ्यात. त्याने एक गाणं केलं होतं, शब्द आणि चाल दोन्ही त्याचीच, आणि तेही मराठीत. बडोद्यात मराठी गाणं करून काय दिवे लावणार, असं मी विचारलं, तर म्हणाला, "अगं, मुंबईच्या कंपनीला पाठवायचंय. पण नुसती कॅसेट पाठवून भागणार नाही. आता आवाजाला कोण विचारतंय? दिसावं लागतं."

दिसायला तो चारचौघांसारखा होता. हे मला तेव्हाही कळत होतं, पण मी दिग्दर्शक होते आणि माझा प्रकाशावर फार विश्वास होता. कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने काहीतरी करून दाखवायचं असे. मी त्याच्या गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरवलं. कॅमेरा मांडवीतल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा. लग्नं नव्हती, नवरात्र अजून आठवड्यावर होतं, म्हणून तो मिळाला.

पद्धत सोपी होती. गाणं टेपरेकॉर्डरवर मोठ्याने लावायचं, त्याने त्यावर ओठ हलवायचे, आणि नंतर चित्रावर मूळ गाणं चढवायचं. सकाळी लांबची दृश्यं घेतली: तो मांडवीच्या गर्दीतून चालतोय आणि आम्ही कॅमेरा घेऊन वर कुणाच्या तरी अगाशीवर. चेहऱ्याचे क्लोजअप मी संध्याकाळसाठी राखून ठेवले, सुरसागर तलावाच्या कठड्यावर, ऊन उतरल्यावर. तो निर्णय माझा होता आणि आजही मला तो बरोबरच वाटतो.

दुपारी शेवउसळ खाऊन झाल्यावर कुणीतरी टेपरेकॉर्डरमध्ये गरब्याची कॅसेट घातली. नवरात्र तोंडावर असताना बडोद्यात गरबा वाजला आणि पाय गप्प राहिले, असं होत नाही. आवाज पूर्ण वाढवून आम्ही सगळे तासन्‌तास नाचलो. तो सगळ्यांत छान नाचला. टेपरेकॉर्डरच्या सेलचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

संध्याकाळी तो थोडा सावकाश गात होता. आम्हाला वाटलं, भाव आला.

एडिटिंग व्हिडिओवाल्याच्या दुकानात. एका व्हीसीआरवर आमची टेप लावायची, दुसऱ्यावर एकेक तुकडा उतरवून घ्यायचा. मध्ये चूक झाली की तिथून पुढचं सगळं पुन्हा. व्हिडिओवाल्याचा हात सारखा शिवशिवायचा. "बेन, अहीं एक दिल मूकी दउं?" बदामाच्या आकारात नवरानवरी दाखवायची त्याला सवय होती. मी दर वेळी नको म्हणत होते. सकाळचे तुकडे बिनबोभाट जुळले. मग पहिला क्लोजअप आला आणि दुसऱ्या ओळीतच ओठ मागे पडले.

"बेन, गीत आगळ जाय छे ने भाई पाछळ रही जाय छे," तो म्हणाला. त्याच्याकडे हा प्रश्न कधी आलाच नव्हता. लग्नात कोण ओठ हलवून गातं?

शेजारी बसलेला मित्र घरी गेला आणि टेपरेकॉर्डर घेऊन आला. सेल तेच होते. गाणं लावलं, तर झोपेतून उठून कुणी गावं तसं जड, रेंगाळत बाहेर आलं. उतरलेल्या सेलवर गाणं मंदावत गेलं होतं आणि हा मुकाट त्याच्याबरोबर मंदावला होता. मी तेच रडकं गाणं क्लोजअपवर चढवून बघितलं. ओठ जवळजवळ जुळले. त्या उजेडात तो खरोखर देखणा दिसत होता. आवाज मात्र ऐकवत नव्हता.

पुन्हा शूटिंग करणं शक्य नव्हतं. नवरात्र सुरू झालं होतं, त्यानंतर लग्नं. कॅमेरा आता मिळणार नव्हता. चेहरा ठेवला तर आवाज जात होता, आवाज ठेवला तर चेहरा. मी त्याला म्हटलं, तूच ठरव. तो त्या छोट्या टीव्हीवर स्वतःकडे बराच वेळ बघत राहिला.

"आवाज ठेव," तो म्हणाला. "मला काढून टाक."

मग आम्ही त्याला काढून टाकलं. उरली त्याची पाठ, कठड्यावरची बोटं, मान, पाणी, मांडवीची गर्दी. कॉलेजात दाखवलं तेव्हा सरांनी गायकाला न दाखवण्याच्या संयमाचं कौतुक केलं. मागच्या रांगेत बसून त्यानेही टाळ्या वाजवल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

व्हिडिओची कॅसेट मुंबईला गेली आणि चक्क त्याच्या घरी फोन आला. आवाज आवडलाय, फोटो पाठवा.

अलकापुरीतल्या स्टुडिओत त्याने शूटिंगचाच शर्ट घालून फोटो काढून घेतला. प्रकाश बघायला मी गेले होते, पण फोटोग्राफरने माझं काही ऐकलं नाही. फोटो गेला. नंतर फोन आला नाही. काही महिने तो घरातून बाहेर पडताना, फोन आला तर काय सांगायचं ते आईला बजावून जायचा; मग तेही थांबलं.

पुढच्या वर्षी एकदा शेवउसळ खाताना माझा तोल सुटला. सेल, गरबा, ती कंपनी, सगळ्यांचा मी उद्धार केला. दुपारी नवे सेल घालायचं सुचलं असतं, तर त्या लोकांना तू पहिल्यांदाच नीट दिसला असतास, असंही म्हणाले.

तो लिंबू पिळत होता.

"बरं झालं सेल उतरले," तो म्हणाला. "निदान तेवढा फोन तरी आला."