हे तो मराठीत बोलला

तो हसत बोलला, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

माझ्या नातीचा ऑफिसात पहिला दिवस होता आणि इंदूरचे दोन पाहुणे बसले होते. मी फरशीवर पोछा मारत होते. तो त्यांना म्हणाला, "अम्मा तो हमारे घर की ही हैं. पीढ़ियों से." मग माझ्याकडे वळला. हसू तसंच. आवाजही तसाच गोड. आणि मराठीत म्हणाला, "म्हातारे, तुझ्या नातीला हे पंधरा दिवसांत जमलं नाही, तर तुझा पोछा तिच्या हातात दे. तेवढं तरी येईल तिला."

पाहुणे हसले. त्यांना वाटलं, घरचं प्रेमाचं बोलणं चाललंय. मीपण हसले. सवय.

त्याला सगळे भैयासाहेब म्हणतात. मी चाळीस वर्षं त्याच्या घरात आणि मग ऑफिसात 'आपण' म्हणून बोलले. लिहिताना 'तो' म्हणणार आहे. पुरे झालं.

देवासला टेकडीच्या रस्त्यावर त्याचं ऑफिस आहे. इमारतींचे नकाशे होतात तिथे. त्याचे आजोबा संस्थानात अधिकारी होते. माझे आजोबा त्याच संस्थानच्या पागेत शेण काढायचे. दोघांची घराणी महाराष्ट्रातून आली. ते घोड्यावर आले, आम्ही घोड्यामागून. भाषा मात्र एक. ऑफिसात बाकी सगळे हिंदी-माळवी बोलणारे. मराठी येणारे तीनच. तो, मी आणि माझी नात गौरी. म्हणून शिवी द्यायला त्याला मराठी बरी पडायची. चारचौघांत देता यायची.

गौरी माझ्या मुलीची मुलगी. मुलगी वारली, तेव्हापासून माझ्याजवळ. धारला पॉलिटेक्निकात इमारतींचा डिप्लोमा केला. मी शब्द टाकला आणि त्याने तिला पंधरा दिवसांच्या ट्रायलवर घेतलं. जमलं तर खुर्ची. नाही जमलं तर पोछा. एवढंच होतं, पण आमच्या घरात आजवर कुणी खुर्चीवर बसून काम केलेलं नाही.

काम असं. धारजवळ एक सरकारी शाळा बांधायची होती. उन्हाळ्यात तिच्या वर्गखोल्या किती तापतील, हे आधीच कंप्यूटरवर काढून दाखवायचं. त्याचं एक सॉफ्टवेअर असतं. भिंत कशाची, छत कशाचं, खिडकी कुठल्या दिशेला, हे सांगितलं की ते हिशेब करतं. ते गौरीने मशीनवर बसवायचं आणि चालवून दाखवायचं. चांगल्या मशीन स्टाफकडे. तिला दिली कोपऱ्यातली टाकून दिलेली. तिच्यावर लिनक्स होतं. मी विचारलं, ते काय? गौरी म्हणाली, "आजी, कंप्यूटर चालवणारी व्यवस्था. फुकट मिळते. पण बरीच कामं हुकूम लिहून सांगावी लागतात."

तिने वायफायचा पासवर्ड मागितला. "वो स्टाफ के लिए है," नकाशे काढणारा म्हणाला. मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायचा. ट्रायलवाल्यांना तसाच नियम.

मग काय करणार? बसस्टँडजवळच्या कंप्यूटरच्या दुकानातून ती पेनड्राइव्हवर सॉफ्टवेअर घेऊन आली. टाकलं, तर मशीन म्हणालं, चालणार नाही. फाईल आहे, पण तिला चालायची परवानगी नाही. आधी परवानगी द्या. हे मला लगेच कळलं. बाकी समजायला वेळ लागला.

परवानगी दिली. हिशेब करणारा भाग बसला. पण त्याला तोंड नव्हतं, नुसती अक्षरं. साहेबलोकांना चित्र दिसायला हवं. चित्रवाला भाग वेगळा. तो उघडेचना. म्हणे अमुक तुकडा नाही. संध्याकाळी दुकानात जाऊन तो तुकडा आणला, तर सकाळी म्हणे तमुक नाही. रोज एक तुकडा. पोरीचा चेहरा रोज थोडा आत जायचा.

काय नाही ते मशीन पडद्यावर इंग्रजीत लिहून दाखवायचं. ते जसंच्या तसं दुकानात सांगावं लागतं. फोटो काढता येत नव्हता, आणि ट्रायलवाल्यांना कागद आतबाहेर नेऊ देत नव्हते. त्यात दुपारी स्टाफ जेवायला बसला की गौरीला बाहेर पाठवायचे. "अकेली मशीन के पास नहीं." मी मात्र आतच असायचे. पोछावालीला कोण बघतं? पडदा तसाच उघडा असायचा. मी पदराखालून वही काढायचे आणि उतरवून घ्यायचे. माझं शिक्षण चौथी. इंग्रजी एवढंच की अक्षरांचे आकार ओळखता येतात. एकेक आकार बघून काढायचा. कंबर दुखायची, पण रांगोळीचे ठिपके यापेक्षा जास्त काढलेत मी.

सातव्या दिवशी माझ्यामुळे सगळं फसलं. मशीनचं लिहिणं, दुकानातल्याने उत्तरात दिलेला हुकूम, सगळं वहीत मीच उतरवायचे. आणि मी सगळं चिकटवून लिहिलं. आयुष्यभर कागद वाचवला. पोस्टकार्डावर दोन पत्रांचा मजकूर बसवलाय. शब्दाशब्दात जागा सोडणं म्हणजे कागद फुकट घालवणं, असं हाताला वाटतं. गौरीने तो हुकूम तसाच लिहिला. मशीन ऐकेना. अख्खा दिवस गेला. संध्याकाळी घरी येऊन तिने वही आणि दुकानातली चिठ्ठी शेजारी ठेवली. मग शांतपणे म्हणाली, "आजी, मधली रिकामी जागापण लागते. ती नसेल तर मशीनला काही कळत नाही."

रागावली असती तर बरं झालं असतं.

दहाव्या दिवशी खरी चूक सापडली. दोन्ही भाग तिने सगळ्यात नवे आणले होते. आम्हाला नवं कधी मिळत नाही, म्हणून नवं तेच चांगलं असं वाटतं. पण चित्रवाल्या भागाला हिशेबवाल्याची ठरलेली आवृत्तीच लागते. त्याला हवी होती जुनी. नवं काढलं, जुनं घातलं. बाराव्या दिवशी पडद्यावर चित्राची खिडकी उघडली. गौरीने माझा हात धरला.

पडद्यावर शाळा उभी राहिली. छत लालभडक, म्हणजे तापलेलं. तिने छतावर एक थर वाढवला, लाल उतरलं. चौदाव्या दिवशी दुपारी तिने गंमत म्हणून आमची खोली टाकली. पत्रा, एक दार, एक झरोका. सगळी खोली लाल. थर वाढवायला जागाच नव्हती.

पंधराव्या दिवशी धारहून दोन अधिकारी आले. गौरीने शाळा दाखवली. छत लाल का होतं, कसं उतरतं, सगळं सांगितलं. थोरले अधिकारी म्हणाले, "बढ़िया है. किसने किया?"

तो म्हणाला, "हमारी टीम ने, साहब. सबका हाथ है."

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. तो गौरीकडे वळला. तेच हसू. मराठीत म्हणाला, "ऊठ. खुर्ची रिकामी कर. आजीचा ट्रे घे आणि चहा फिरव. तुझी जागा ओळखून राहा."

गौरी उठली.

नुसती उठली. तशी मी उठत आले. माझी आई उठायची. गुडघ्यांना विचारावंही लागत नाही. तिचे बावीस वर्षांचे गुडघे आणि तेच उठणं.

मी ट्रे नकाशांवरच ठेवला. चहा सांडला.

"गौरी, बस खाली."

मग अधिकाऱ्यांकडे बघून हिंदीत बोलले. माझी हिंदी चांगली आहे. जन्म इथलाच.

"साहब, इन्होंने अभी मराठी में क्या कहा, मैं बताऊँ? बोले, उठ, कुर्सी ख़ाली कर, चाय बाँट, अपनी जगह पहचान. ये मशीन इसी लड़की ने चालू की है. पंद्रह दिन में. और पहले दिन इंदौरवालों के सामने हँसके बोले थे कि नहीं जमा तो दादी का पोछा इसको दे देना."

नकाशे काढणारा पुटपुटला, "अरे भिया." धाकटे अधिकारी मोबाइल बघू लागले. थोरल्यांनी सांडलेल्या चहातला एक कप उचलला आणि म्हणाले, "अम्मा, घर की बात घर में."

आणि चहा प्याले.

तो मला म्हणाला, "निकलो. दोनों." हिंदीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. हसू गेलं होतं. खरा चेहरा कसा आहे ते सगळ्यांनी बघितलं. मीपण.

पुढे चांगलं काही झालं नाही. शाळेचं चित्र त्याच्या ऑफिसच्या नावाने धारला गेलं. आमची लाल खोली त्याच मशीनमध्ये राहिली. मी आणखी तीन ऑफिसांत विचारलं. तिन्हीकडे त्याची ओळख. गौरी दोन दिवस जेवली नाही. पत्र्याखाली पडून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजी, तू बोलली नसतीस तर कदाचित ठेवलं असतं त्यांनी."

मी तिला खोटं सांगितलं नाही.

"हो. ठेवलं असतं. चहाला."

तिने भिंतीकडे तोंड केलं. माझ्यावरचा तिचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. राहू दे. त्या उठण्यापेक्षा हा राग मला परवडतो.

वही माझ्याकडे आहे. सगळे हुकूम, सगळे तुकडे, कुठल्या भागाला कुठली आवृत्ती लागते ते. मी ती पुन्हा स्वच्छ उतरवून काढलीय. शब्दाशब्दात जागा सोडून. दोनशे पानी वही घेतली आणि कागदाकडे बघितलं नाही. पॉलिटेक्निकातल्या तिच्या मैत्रिणीकडे जुना लॅपटॉप आहे. उद्या आम्ही धारला जातोय. पहिली आमची खोली टाकायची, मग आमच्या ओळीतल्या सगळ्या. लाल तर लाल.

कुणाच्याही ऑफिसात मी पुन्हा पोछा मारीन, पोट आहे. पण माझ्यासमोर गौरीला कुणी ऊठ म्हटलं, तर ज्या भाषेत म्हणेल ती सोडून बाकीच्या सगळ्या भाषांत ते मी मोठ्याने सांगणार.

हिंदीवाल्यांना मी त्या दिवशी सांगितलं. मराठीवाल्यांना हे लिहून सांगितलं. ही भाषा माझीपण आहे.